एक ओळ मागे

साकोलीच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये ते दर रविवारी माझ्या मागच्याच बाकावर बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा आणि आवाज असा, की खिडकीतली कबुतरं उडून जावीत. गीत सुरू झालं की ते कायम एक ओळ मागे. पास्टर बायबल उघडून उभे राहतात, तेव्हा यांचं शेवटचं कडवं रंगात आलेलं असतं. त्यात वरच्या सुराला हमखास घसरतात. घरी मी त्यांची नक्कल करायचो आणि आई पोट धरून हसायची.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गीतांचं पुस्तक उघडून नुसताच उभा राहिलो. गीत सुरू झालं, पण मागूनही आवाज येईना. मग खांद्यावर बोट टेकलं.

“काहून गाऊन नाही राहिले जी? मले वाचता येत नाही. तुमचाच आवाज सगळ्यात जोरात येते. तो मी आयकतो, मंग म्हनतो.”

म्हणजे घसरणारा सूर माझाच होता!

मी फाटक्या आवाजात एक ओळ म्हटली. मागून ती जशीच्या तशी आली, घसरण्यासकट. हुंदका तेवढा त्यांनी गाळला होता.