चिंचेखालची आणि विहिरीवरची

रविवारी शिबिरात साहेबाने माइकवर माझं नाव वाचलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. मी फुकट उपचाराचं कार्ड घेऊन खाली बसले. थोड्या वेळाने आमच्या पाड्यातली चिंचेखालची पुढे गेली. तिने तेच नाव सांगितलं. तो संगणकाकडे बघून हसला आणि माइक तोंडाशी धरूनच म्हणाला, "हे नाव होऊन गेलं. डबल नावं मी काढून टाकली आहेत. एकाची दोन कार्डं घ्यायची सवयच आहे तुम्हा लोकांना."

शाळेचं पटांगण भरलेलं. पालघरहून आलेले पाहुणेही हसले.

चिंचेखालची पोटावर हात दाबून उभी. तिच्या गर्भपिशवीत गाठ आहे. त्या कार्डावर ऑपरेशन फुकट होणार होतं. ती म्हणाली, "सायेब, ती येगली हाय, मी येगली."

"पुढचं नाव," तो म्हणाला.

मी उठले नाही. कार्ड पदराखाली धरून बसून राहिले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या दोघींचं नाव एक. नवऱ्यांचं नावही एक. आडनाव तर अख्ख्या पाड्याचं एकच. जन्मतारीख कोणाला माहीत? अर्ज भरणाऱ्याने सगळ्यांना एक जून घातली, साल तोंडाकडे बघून. म्हणून ती चिंचेखालची आणि मी विहिरीवरची. पाड्यातलं शेंबडं पोरही चुकत नाही. त्याच्या यादीत चिंच नाही, विहीर नाही.

हा साहेब मला परका नाही. बोईसरला ज्या कंपनीच्या ऑफिसात मी झाडलोट करते, तिथला डेटाबेस तो सांभाळतो. कामगारांची नावं, हजेरी, सगळं त्याच्या हातात. आपल्याला विचारल्याशिवाय तिथलं एक अक्षर हलत नाही, असं तोच सांगतो. रविवारी एका मंडळातर्फे पाड्यांवर समाजसेवा करतो. पाच वर्षं मी त्याचं टेबल पुसते. त्याला माझं नाव माहीत नाही. मी मावशी.

सोमवारी मी त्याच्या टेबलाखाली झाडत होते. तो शेजारच्याला सांगत होता, "काल एक बाई दोनदा आली. साडी तेवढी बदलली होती."

दोघे हसले. मग पाय उचलले, मला झाडता यावं म्हणून.

मी झाडू खाली ठेवला. उभी राहिले. "पहिली आली ती मी हाय. नि दुसरी दुसरीच हाय."

"काय?"

"उद्या दाखवते."

मंगळवारी चिंचेखालचीला रिक्षात बसवून आणलं. गेटवर वॉचमन म्हणाला, "ये कौन है?"

"साब ने बुलाया है." तेवढी एक लबाडी मी केली.

त्याच्या टेबलासमोर तिला माझ्या शेजारी उभं केलं. म्हणाले, "मोजा."

सगळं ऑफिस बघत होतं. त्याने आमच्याकडे बघितलं नाही. स्क्रीनकडे बघितलं. "यादी बंद झाली. आणि हे मी सेवा म्हणून करतो, पगार घेऊन नाही. उपकार मानायचे सोडून इथे येऊन बसता? मावशी, नोकरी करायची आहे ना?"

"यादी तुमीच बंद केली. तुमीच उघडा."

त्याने फोन कानाला लावला.

चिंचेखालचीला उभं राहवत नव्हतं. ती फरशीवर टेकायला लागली. मी पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. त्या दिवशी त्याचं टेबल पुसलं नाही.

तिचं नाव अजून यादीत नाही. गाठ आहे तिथेच आहे.

येत्या रविवारी पुन्हा शिबिर आहे. मी चौथी शिकले, तेवढ्यात जमेल तसं वहीत पाड्यातल्या एकेका बाईचं नाव लिहिलंय. कोण कुठली, कोणाच्या दाराशी कुठलं झाड. बायांशी बोलणं झालं आहे. रांगेत पहिली मी असेन. माइक मागणार नाही, माझा आवाज तेवढा नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत तो तिचं नाव घालत नाही, तोवर मी जागची सरकणार नाही. मग कामावरून काढो.

पाहुणे येतील, हार येतील, फोटोवाला येईल. रांग हलणार नाही.