मायन्यात आईचं नाव पहिलं

पालघर स्टेशनवर बाबा सामानापाशी उभे होते आणि आई त्यांच्या मागे. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बोईसरच्या एका कापडगिरणीत मी जर्मन यंत्रांचा फिटर होतो, आणि ती यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यानं मला दोन वर्षांसाठी तिकडे बोलावलं होतं. बाबा म्हणाले, "पोचलास का पत्र टाक." गाडी हलली तशी आई पुढे आली आणि खिडकीशी हळूच म्हणाली, "माज्यासाटी पन दोन ओली लिव. सगला त्यांच्याच नावानं नको."

"दोन वर्षांनी येतो," मी म्हणालो. माप घालणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

केळवे-माहीमच्या वाड्यांतल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे लांब जाऊन बसलेल्यांनो, हे लिहितानाही आधी कोणाला हाक मारावी हा प्रश्न पडतोच. आपल्याकडे तो पडत नसे. पत्र 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' असं सुरू व्हायचं आणि आई यायची शेवटी, जागा उरली तर. 'सौ. आईस नमस्कार सांगावा.' तिला वाचता येत नव्हतं. बाबा ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि ती सुपारी सोलता सोलता शेवटाची वाट बघायची.

जर्मनीत मला सगळ्याचाच संशय यायचा. शेजारीण हसून नमस्कार करायची, तर मी वर जाऊन कडी नीट लागलीय का ते बघायचो. त्यात दुसरं वर्ष सरत आलं. आणखी तीन वर्षं राहू द्या, असा अर्ज मला तिथल्या सरकारी कचेरीला करायचा होता. घरी यातलं काही कळवलं नव्हतं. अर्ज मी जर्मनमध्ये, पण आपल्या 'आदरणीय साहेबहो'च्या चालीवर सुरू केला. शेजारच्या यंत्रावरचा हान्स वाचता वाचता थांबला. म्हणाला, तिथं बायकाही बसतात, 'झेअर गेएर्टं डामेन उंट हेरेन' लिही. म्हणजे आदरणीय स्त्रिया आणि पुरुषहो. कोण वाचणार ते ठाऊक नसलं तरी आधी बायका, मग पुरुष. मला हेही खरं वाटेना. कागदावर बाईला पुढची खुर्ची आणि आमच्या खात्यात एकही बाई फोरमन नाही, हा काय प्रकार? पण अर्ज मंजूर व्हायला हवा होता. मी मुकाट्यानं लिहिलं.

त्याच बैठकीत घरचं पत्र लिहायला घेतलं. खिडकीशी आलेली आई आठवली, आणि तो रिवाज मला आवडलाही होता, खोटं कशाला बोलू. लिहिलं, 'तीर्थरूप सौ. आईस आणि तीर्थरूप बाबांस'. अर्जाबद्दल अक्षरही लिहिलं नाही. वाटलं, आई खूश होईल.

उत्तर बाबांच्या अक्षरात आलं. त्यांना वाटत होतं, मी तिकडे लग्न उरकलंय. 'ही शिकवण बाईमाणसाचीच दिसते. तिचं नाव कळव.' खाली आईनं सांगून लिहवलेली ओळ होती. 'माजा नाव पयला आला तवाच समजला. तू काय येनार नाय. सरल सांग ना, गोड कशाला बोलतोस?'

मला रागही आला आणि रडूही आलं. एवढ्या लांबून, नुसत्या मायन्यावरून तिनं मला ओळखलं होतं.

अर्ज मंजूर झाला. तीन वर्षांची पुढे बरीच झाली. सुट्टीला 'उर्लाउब' आणि कारखान्याला 'फाब्रिक' म्हणायची सवय लागली. माहीमला गेलो की आई आधी माझ्या बॅगेकडे बघायची. किती कपडे आणलेत त्यावरून मी कधी निघणार ते ती ताडायची.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. जर्मनीत परतल्यावर पहिल्यांदाच एकट्या आईच्या नावानं पत्र लिहिलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तीच. शेजारच्या शैलानं तिच्या वतीनं उत्तर लिहिलं. 'एकलीचा नाव आयकला आनि घर खायला उटला. दोगांचा लिव. त्यांचा पयला.'

तेव्हापासून मी दोघांची नावं लिहितो, बाबांचं आधी. इथल्या फ्लॅटला मी घर म्हणतो खरा, पण ज्या घराला नमस्कार लिहायचा ते तिकडे वाडीतच आहे. तसं पहिलं पत्र गेलं, त्याचंही उत्तर आलं. 'आता कसा तुजा पत्र वाटला. शैलाकडून दोनदा वाचून घेतला. येतोस कवा, ता मात्र यात पन नाय.'