दाजींचे कान

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, छापखान्यातल्या यंत्रांच्या खडखडाटात जन्म घालवून निवृत्त झाले आणि घरी बसून आवाजातले दर्दी बनले. मला गाण्यातलं फार कळत नाही, चुकतही असेन. पण एवढी मिजास मी गवयांचीही पाहिली नाही.

बाहेरच्या खोलीत त्यांचा स्टीरिओ. ताई फडकं घेऊन आली की तिला अडवून स्वतः फुंकरीनं धूळ उडवायचे. मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्यांना ते 'पत्र्याचे रसिक' म्हणत.

एकदा बाहेरगावी शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून त्यांच्या फोनवर पाठवलं. परगावच्या एका गायकवृंदात तिला शिरायचं होतं आणि निवडीसाठी शनिवारच्या आत गाणं तिकडे पोचायला हवं होतं. बाबा बरं म्हणाले तरच पाठवीन, असं तिचं म्हणणं. पोरगी हुशार, पण बापापुढे अगदी मेंढरू.

दाजींनी फोन स्टीरिओला जोडायला घेतला. वायर आणली ती सापाएवढी जाड. मागच्या खाचांपैकी साधी सोडून त्यांनी रेकॉर्ड प्लेअरची निवडली. तबकडीचा बारीक आवाज मोठा करायची ती खाच; फोनचा आवाज मुळातच मोठा. तिथं तसं लिहिलंय, असं मी चाचरत म्हटलं.

"मेहुणे, तुम्ही चहा घ्या," दाजी म्हणाले.

गाणं लागलं आणि आवाज पार फाटला. दाजी डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते. मग त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं, गळा खरखरीत आहे, पाठवू नकोस, आपलंच हसं होईल. ती फक्त "बरं, बाबा" म्हणाली.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. फोन पुन्हा त्याच वायरीला लावून तिनं बातम्या सुरू केल्या. निवेदकही करपलेलं भांडं खरवडल्यासारखा बोलू लागला.

"याचाही गळा बसलाय वाटतं?"

हल्ली निवेदक रियाज करत नाहीत, असं दाजींचं उत्तर.

ताईनं वायर उपटली, फोन रिकाम्या पातेल्यात उभा केला आणि गाणं लावलं. पातेल्यानं आवाज जरा घुमत होता, पण स्वच्छ होता. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मुलीला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता पाठव. बाबांचं मी बघते."

पातेल्यात कुणी गाणं ऐकतं का, म्हणून दाजी संध्याकाळपर्यंत फुगून बसले.

भाचीची निवड झाली. आता दाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की पोरीला गळा आईचा असेल, कान मात्र बापाचा. लोक मान डोलावतात. मीही डोलावतो.