बाबांची सही जुळत नाही

कागद एकदा परत आला की माणूस चिडतो, दोनदा आला की रडतो. त्यानंतर मात्र तो चारचौघांत सांगायचा किस्सा होतो. माझ्याजवळ असे बरेच साठले, कारण कागद बिघडवण्यात माझा हात कोणी धरणार नाही!

अल्लीपूरला माझ्या बाबांचं कापडाचं दुकान होतं. तेव्हा त्यांनी एका मिलचे शेअर घेऊन ठेवले होते. लकव्यानं उजवा हात गेला आणि त्यांनी धोशा लावला, "मी हाओ तोवर हे शेअर सोनूच्या नावावर कर. तुले सातवीनंतर घरी बसवलं, चुकलंच माह्यं. नात शिकली पाह्यजे."

सोनू माझी मुलगी, तीन वर्षांची. देणारा म्हणून बाबांची सही, पालक म्हणून माझी. एवढंच तर काम!

*

अर्जावर माझी सही तीन जागी हवी होती. मी घाबरले की माझा हात आधी घाबरतो. पहिली सही सरळ आली, दुसरी उतारावरून घसरली, तिसरीत आडनावाला जागाच उरली नाही. अर्ज तपासून कंपनीकडे पाठवणारे बँकेचे मॅनेजर साहेब चष्मा वर करून म्हणाले, "ताई, या तिघींपैकी तुम्ही कोणत्या?"

मी म्हटलं, "मधली."

*

बाबांनी डाव्या हातानं अर्धा तास घालवून सही केली. महिन्याभरात पाकीट परत! कंपनीतल्या नमुन्याशी सही जुळत नाही म्हणे. बाबा रिक्षा करून बँकेत.

"माहीच सही हाय न साहेब! मी काय मेलो काय?"

"बाबा, तुम्ही तुम्हीच आहात. फक्त सही तुमची वाटत नाही."

पुन्हा सही केली. पुन्हा पाकीट परत!

*

आता एक कबुली. सातवीत गणितात लाल रेघ आली, तेव्हा प्रगतीपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकली होती. गुरुजी म्हणाले, "तुझे बाबा सही मोठी सुबक करतात हो!" शाळेत माझी एवढी एकच तारीफ झाली, तीही बाबांच्या नावावर! त्यांना याचा पत्ता नाही, या भरवशावर मी बारा-तेरा वर्षं सुखानं जेवले.

*

दुसऱ्यांदा पाकीट आलं, त्या दुपारी केळझरला आमच्या घरी सोनूला झोपवलं आणि किराण्याच्या पुडीच्या कागदावर ती सही काढून पाहिली. हुबेहूब! कोरा अर्ज शेजारीच पडलेला. बाबांची तब्येत रोज खाली चाललेली. एक फटकारा मारला की सोनूचं काम झालं. पेन अर्जावर टेकवणार, तोच सोनूचे पप्पा आले. पुडीचा कागद उचलून म्हणाले, "बाबा येऊन गेले काय?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी आधी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "जेलात जाशीन वं! सोनूले सांभाळीन मी, पण मले तिची वेणी घालता येत नाई!"

कागद चुलीत घातला. त्याच जाळावर चहा केला. साखर टाकायची राहिली, तरी दोघांनी कप रिकामे केले.

*

शेवटी मॅनेजर साहेब स्वतः बाबांच्या घरी आले. शेजारचे दोघे साक्षीला बसले. बाबांनी डाव्या हातानं सही केली. साहेबांनी खाली "माझ्यासमोर केली" असं लिहून शिक्का मारला. पुढे त्याच अर्जावर शेअर सोनूच्या नावावर झाले, आणि ते पाहायला बाबा होते!

त्या दिवशी शिक्का वाळेपर्यंत मी चहा केला. या वेळी साखर दोनदा टाकली. साहेबांनी बाबांच्या बँकखात्याचं जुनं, सहीच्या नमुन्याचं कार्ड सोबत आणलं होतं. ताज्या सहीशेजारी ते धरून हळहळले, "काय सुबक सही होती बाबा तुमची!"

मी घाईघाईनं कपबशा गोळा करायला लागले.

बाबा अर्ध्या तोंडानं हसले. "होती काऊन म्हणता साहेब? आताही होते. हिले पेन द्या!"