लातूरला नेलेला गाल

उमरीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना मी शीळ घालत होतो आणि यमुना, माझी बायको, माझ्याकडे रागाने पाहत होती. मी शाळामास्तर, आठ दिवसांची रुखसत (रजा) मिळाल्याने जीव नुसता हवेत होता. डाव्या कानापुढची लिंबाएवढी गाठ दाखवायला लातूरच्या डॉक्टरांकडे निघालो होतो खरा, पण लातूर मी कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे मनातल्या मनात मी गाठीचे आभारच मानत होतो.

"शीळ घालू नये. लक्ष्मी जाती घरातून," यमुना म्हणाली.

"हे स्टेशन हाय, घर न्हाई," मी म्हणालो आणि पुढची शीळ घातली.

गाठ म्हणजे गालगुंड, हे अख्ख्या उमरीने ठरवून टाकलं होतं. निघताना शेजारच्या काकूंनी त्यावर गेरू थापला. नांदेडला खाणावळीच्या बाई म्हणाल्या, "गेरूनं काय व्हतंय, मास्तर? थांबा, आंबेहळद उगाळून देते." मला कुणाला नाही म्हणता येत नाही. गेरूवर हळद चढली आणि त्या आनंदात मी एक भाकरी जास्त खाल्ली.

जर्मनीशी चाललेल्या लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लातूरची मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. माझा गाल पाहताच ड्रायव्हर म्हणाला, "लागट हाय हे, एकाचं दुसऱ्याला व्हतंय. तुमी मागच्या बाकावर बसा." बाकीचे दाटीवाटीने बसले आणि आम्हा दोघांना अख्खा बाक मिळाला. लोह्याच्या पुढे मोटार बंद पडली. सगळे उतरून ढकलू लागले. मी आजारी माणूस, बसल्या बसल्या हुकूम सोडत होतो. दोन्हीकडे काळ्या रानात ज्वारी डोलत होती. एका शेतकऱ्याने हुरडा दिला, तर ड्रायव्हरने दया येऊन गाठीवर गूळ-चुना फासला. हुरडा चावताना सगळा लेप तडकला आणि एक खपली हुरड्यातच पडली. अहमदपूरला एक म्हातारा मला न्याहाळून म्हणाला, "मास्तर, शिंगं घरीच ठिवली का?" पोळ्याच्या बैलासारखा रंगलो होतो, त्याचं काय चुकलं?

लातूरला डॉक्टरांनी माझा गाल कोमट पाण्याने तीनदा धुतला. मग ते कानावरचे केस बाजूला करू लागले. एका वणावर त्यांचं बोट थांबलं.

"इथं काय होतं?"

"चामखीळ," मी ऐटीत सांगितलं. "आमच्या न्हाव्यानं घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. आठ दिवसांत गळून पडली."

"रंग कसा होता?"

मी यमुनेकडे पाहिलं. यमुना पुढे आली. "काळी कुळकुळीत होती. वाढत होती, दोनदा रक्त आलं. मी नको नको म्हणून राहिले होते, यांनी ऐकलं न्हाई."

डॉक्टर हात पुसत म्हणाले, "ती चामखीळ नव्हती, बाई. काळ्या तिळाचा कर्करोग होता. वरचा तीळ गेला, पण रोग आत लाळेच्या ग्रंथीत उतरलाय. ग्रंथी काढायला हवी. चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच जाते. ती तुटली तर तोंड वाकडं होईल. आणि काढूनही रोग परत येणार नाही, असं मी सांगू शकत नाही."

मी मरणाला भ्यालो, आणि ते यमुनेला दिसलं याचीही लाज वाटली. "काढा," ती म्हणाली.

क्लोरोफॉर्म देऊन ग्रंथी काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाले, "मास्तर, शीळ घाला."

मी ओठांचा चंबू केला. आधी नुसती हवा गेली. मग एक बारीक, बेसूर शीळ निघाली.

"नस वाचली," डॉक्टर म्हणाले. यमुना मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसता हसता रडायलाही लागली.

आठ दिवसांची रुखसत महिन्यावर गेली. परतीच्या मोटारीत मी इतकी शीळ घातली की ड्रायव्हरच म्हणाला, "मास्तर, बस करा की. मोटार लाजून बंद पडंल." उमरीला घराचा उंबरठा ओलांडताना मात्र सवयीने तोंड मिटलं.

पुन्हा गाठ येते का ते पाहायला डॉक्टरांनी गळा चाचपत राहायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यमुनेने चुलीपासून उठून हात पुसले आणि माझ्या कानाखाली, मानेवर, सावकाश बोटं फिरवली. काही लागलं नाही. तरी ती हलेना.

"अहो, शीळ घाला की."

"घरात?"

"घरातच," ती म्हणाली.