धुऱ्यावरचा तरोटा

सेलूच्या बसथांब्यासमोर तणनाशकं विकणारं एक दुकान आहे. वर्ध्याची एसटी येईपर्यंत त्या दुकानदाराचं प्रवचन मी रोज फुकटात ऐकतो. त्याचं नाव कधी विचारलं नाही. बोलताना तो काउंटरवरून तळहात असा सपाट फिरवतो, की समोरचं अख्खं वावर त्यानं आत्ताच साफ केलं असं वाटावं.

त्याच्या मते, आपण पेरलं नाही आणि तरी उगवलं, ते तण. एकदा एक बाई म्हणाली, "आम्ही निंदतो न जी." त्यानं तिच्याकडे लहान लेकराकडे पाहावं तसं पाहिलं.

"निंदून कुठं तण मरते का बाई? अन् धुरा काऊन सोडता? तिथूनच तर थे वावरात येते. धुऱ्यावर बी मारा!"

धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. पावसाळ्यात तिथं तरोटा उगवतो, न पेरता. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी लोक चवीनं खातात.

परवा आठवडी बाजारात हे महाशय एका भाजीवाल्या म्हातारीपुढं उकिडवे बसलेले दिसले. तरोटा हवा होता.

"कुठून आणू जी?" म्हातारी म्हणाली. "साऱ्या धुऱ्यायवर औषध मारून ठेवलं."

तो गुडघ्यांवर हात टेकत उठला. तिच्या टोपलीवरून तळहात तसाच सपाट फिरवला आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून हळहळत म्हणाला,

"पाहा सर, लोकायले काई अक्कलच नाई राह्यली."