घागरीवरचं नाव

जुन्या बाजारातून आणलेली पितळी घागर चिंचेने घासली, तसं तिच्या गळ्याशी ठिपक्यांनी कोरलेलं नाव उजळलं: 'चि. सौ. कां. सुमन हिला मामाकडून.' फुलं घालून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवली, तर ती फार शोभली.

"सुमन कोण हो?" शेजारच्या वहिनींनी विचारलं. मला काय ठाऊक!

आईच्या घागरीवर 'कुसुम' होतं. लग्नात तिचं नाव बदललं. माहेरचं नाव उरलं ते त्या घागरीवरच. पुढे स्टील आलं आणि तिने ती मोडीत दिली. आता आई नाही, तिला कुसुम म्हणणारंही कुणी नाही. पण मोडीतलं सगळंच वितळत नाही. सुमनची घागर वाचलीच की. म्हणून कुणाकडे शोभेची घागर दिसली, की मी बोलता बोलता तिच्या गळ्यावरून बोट फिरवते. कुठल्यातरी परक्या कोपऱ्यात, फुलं घेऊन, माझी आई अजून कुसुमच असेल.